शेवट गोड करू नका: कंपनीत फोरम नाटकाचं सत्र कसं घ्यावं

कंपनीत विविधतेवर नाटक करायचं ठरलं की संहिता बहुतेक वेळा एकाच वळणानं जाते. नव्या माणसाला त्रास होतो, मग एचआरच्या मॅडम येतात, समजावतात, त्रास देणारा शरमतो आणि शेवटी सगळे हातात हात घालून घोषवाक्य म्हणतात. टाळ्या पडतात, चहा-समोसा होतो, हजेरीपत्रकावर सह्या होतात. दुसऱ्या दिवशी लाइनवर सगळं जिथल्या तिथं. प्रश्न नटांनी उभा केला आणि नटांनीच सोडवला, मग समोर बसलेल्यांना करायला उरलं काय?

फोरम नाटकात आठ-दहा मिनिटांचा एक प्रवेश असतो आणि त्याचा शेवट वाईट असतो. तो एकदा पूर्ण दाखवायचा. मग तोच प्रवेश पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचा. या खेपेला प्रेक्षकांतल्या कुणीही ‘थांबा!’ म्हणायचं, उठायचं, पात्राच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं काही करून बघायचं. समोरचे नट त्याला खऱ्या आयुष्यात होईल तसाच विरोध करतात. जमलं तर जमलं, नाही तर पुढचा येतो.

ही पद्धत ब्राझीलचे दिग्दर्शक-नाटककार ऑगुस्तो बोआल (१९३१-२००९) यांची. तिथल्या लष्करी राजवटीनं १९७१ मध्ये त्यांना पकडलं, त्यांचा छळ केला, आणि त्यांना देश सोडावा लागला. १९७३ मध्ये पेरूतल्या साक्षरता मोहिमेत ते नाटक घेऊन गेले. तेव्हा प्रेक्षकांनी तोडगा सुचवायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा, असा प्रकार होता. एका बाईला मात्र नटांनी केलेलं काही केल्या पटेना, शेवटी बोआलांनी तिलाच मंचावर बोलावलं, आणि तिथून पुढे प्रेक्षक उठून येऊ लागले, असं ते स्वतः सांगत. आपल्या देशात पश्चिम बंगालमधली ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून खेड्यापाड्यांत हे काम करते आहे. फोरम नाटकाचं सत्र सूत्रधार चालवतो. खेळ आणि प्रेक्षक यांच्या मध्ये उभं राहून बोलणारं असं पात्र मराठी माणसाला तर अजिबात परकं नाही. जोतीराव फुल्यांच्या १८५५ च्या नाटकातला विदूषक तेच करतो, आणि तमाशातला सोंगाड्याही.

बोआलांनी हे सगळं दबलेल्या माणसासाठी उभं केलं होतं. कंपनीत मात्र पैसे देणारं व्यवस्थापन असतं. ही अडचण खरी आहे. तिच्याकडे कानाडोळा करून सत्र घेतलं तर कामगारांना दहाव्या मिनिटाला कळतं की हे साहेबांचं नाटक आहे. म्हणून तालमीच्या आधीची तयारी मी जास्त महत्त्वाची धरतो.

कधी करायचं नाही

एखादी प्रत्यक्ष तक्रार चालू असेल तर करू नका. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीपुढे असताना त्या विभागात तशाच विषयाचं नाटक केलं, की पात्रांची नावं कितीही बदला, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचा तपशील उघड करायला मनाई आहे, हे एरवीही ध्यानात ठेवायचं. पगारवाढीच्या कराराची बोलणी किंवा माणसं कमी करण्याची चर्चा चालू असतानाही नको. आणि ‘आमच्या अमुक सुपरवायझरला जरा समजेल असं काहीतरी करा’ अशी मागणी आली तर सरळ नकार द्या. एका माणसाला शंभर जणांत धडा शिकवण्यासाठी नाटक वापरलं तर तो शिकत नाही, डूख धरतो.

याच कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि मालकानं जाणीव-जागृतीचे कार्यक्रम घ्यावे लागतात. नाटक त्यातला एक भाग होऊ शकतं. पण समितीवर कोण आहे, तक्रार कुठे द्यायची, घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत द्यायची, ही माहिती वेगळी, कागदावर आणि कामगाराला वाचता येईल त्या भाषेत द्या. ती पात्राच्या तोंडी घातली की प्रवेशही मरतो आणि माहितीही कुणाच्या लक्षात राहत नाही.

व्यवस्थापनाशी बोलणी

एचआर आणि प्लँट हेड या दोघांशी एकत्र बसा. नुसत्या एचआरशी बोलून चालत नाही, कारण लाइन बंद ठेवायचा निर्णय त्यांच्या हातात नसतो. पुढच्या गोष्टी मेलवर लिहून घ्या.

सत्राचं चित्रीकरण होणार नाही. फोटो हवेच असतील तर सुरुवातीच्या खेळांचे घ्या, प्रवेशात उठून आलेल्या माणसाचा एकही नको. सत्रात कुणी काय बोललं, हे अप्रेझलमध्ये किंवा कॉन्ट्रॅक्टरच्या कानावर जाणार नाही. सत्र कामाच्या वेळेत होईल. शिफ्ट सुटल्यावर थांबवून घेतलेल्या सत्रात माणसं कंपनीच्या बसकडे डोळे लावून बसतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कॉन्ट्रॅक्टवर असलेले, ट्रेनी, हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीवालेही येतील. विविधतेचं सत्र फक्त परमनंट लोकांसाठी घ्यायचं असेल तर तो विनोद आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सत्रातून जे निघेल त्याला उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत, हे ठरवून घ्या. पंधरा दिवस पुरतात. हे लिहून द्यायला साहेब तयार नसतील तर मी सत्र घेत नाही. माणसांना बोलतं करायचं आणि मग गप्प बसायचं, यापेक्षा स्लाइड दाखवलेल्या बऱ्या.

गोष्टी गोळा करताना

संहिता घरी बसून लिहू नका. दोन-तीन दिवस कंपनीत घालवा. शिफ्ट बदलताना, कँटीनमध्ये, गेटबाहेरच्या टपरीवर, शक्य असेल तर बसमध्ये.

‘इथे भेदभाव होतो का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही हो, आम्ही सगळे एका कुटुंबासारखे.’ त्याऐवजी छोटे, ठोस प्रश्न विचारा. कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात जेवायला कुणाबरोबर बसलात? इथे कुणाला अहो-जाहो आणि कुणाला अरे-तुरे? सुट्टी मागायची असेल तर कुणाला सोपं जातं? ओव्हरटाइम कुणाला मिळतो? मशीन बिघडलं की पहिलं कुणाला कळतं? नाव सांगितल्यावर ‘पुढे?’ असं कोण विचारतं? या शेवटच्या प्रश्नावर माणसं एकमेकांकडे बघून हसतात. आडनावावरून जात काढायची आपली सवय ऑफिसच्या एसीतही जात नाही, आणि तिच्याबद्दल बोलायला मोकळा प्रसंग मात्र क्वचित मिळतो.

ऐकलेली कुठलीही गोष्ट जशीच्या तशी मंचावर नेऊ नका. दोन-तीन गोष्टी एकत्र करा, विभाग बदला, वस्तू बदला. रजेच्या अर्जाचा प्रसंग असेल तर तो गेटपासचा करा. मग ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्यांच्यापैकी दोघा-तिघांना एकेकटं गाठून संहिता वाचून दाखवा आणि विचारा, ‘यात कुणी ओळखू येतंय का?’ त्यांनी जरा जरी मान हलवली तरी पुन्हा बदला.

संहिता

पानभर पुरते. एक माणूस हवा, त्याला काहीतरी हवं असतं, आणि ते काय हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात कळायला हवं. ‘सन्मान हवा’ हे फार मोघम झालं, ‘हँडओव्हरची, म्हणजे शिफ्ट बदलताना सोपवायची, माहिती वेळेवर हवी’ हे नेमकं. त्याला अडवणारा एकजण, आणि बघे दोघं-तिघं. बघ्यांवर मेहनत घ्या, कारण प्रेक्षकांतले बहुतेक जण खऱ्या आयुष्यात तेच असतात. प्रवेशात निदान तीन जागा अशा ठेवा, जिथे कुणी वेगळं वागलं असतं तर गोष्ट फिरली असती. प्रेक्षक तिथेच ‘थांबा’ म्हणणार आहेत.

त्रास देणाऱ्याला राक्षस करू नका. तो मिशा पिळत आला की सगळे निवांत होतात, ‘आपण असे नाही’ म्हणून. तो चारचौघांसारखा हवा, कामात हुशार, पोरांना मदत करणारा. खाली नमुन्यादाखल एक प्रवेश देतो. चाकण, अंबड, वाळूज अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीतला सुट्या भागांचा कारखाना धरा. मनीषा ही असेंब्लीतली पहिली महिला लाइन लीडर. उत्तमकाका जुने ऑपरेटर. गणेश तिच्याच लाइनवरचा. सूरज बिहारहून आलेला, कॉन्ट्रॅक्टवर. प्रशांतसर शिफ्ट इनचार्ज.

प्रशांतसर: मनीषा, काल तुमच्या लाइनचे बावन्न पीस रिजेक्ट. काय चाललंय?

मनीषा: सर, फिक्श्चरची पिन लूज होती. मला कुणी सांगितलंच नाही. रजिस्टरला पण नोंद नाही.

उत्तमकाका: नोंद कशाला? मी गणेशला सांगितलं होतं की. टपरीवर.

मनीषा: पण लाइन माझ्याकडे आहे ना, काका?

उत्तमकाका: (हसत) अगं बाई, तू कुठं येतेस टपरीवर?

(सगळे हसतात. प्रशांतसरही.)

गणेश: ग्रुपवर पण टाकलं होतं, सर.

मनीषा: कुठल्या ग्रुपवर?

गणेश: ते आपलं... शिफ्ट बॉइज.

सूरज: (हळूच) सर, पिन तो हमने भी देखा था...

प्रशांतसर: तू थांब रे. आपलं काम बघ. मनीषा, जरा सगळ्यांशी मिळून-मिसळून राहत जा. चला, लाइन चालू करा.

इथे शिवी नाही, धमकी नाही, कुणाचा हेतूही वाईट नाही. तरी बावन्न पीस वाया गेले, दोष मनीषाच्या माथी आला आणि ज्याला माहीत होतं त्या सूरजला कुणी बोलू दिलं नाही. विविधता आणि टीमवर्क हे दोन वेगळे विषय म्हणून दोन वेगळ्या दिवशी शिकवायची पद्धत आहे. लाइनवर ते एकाच पिनमध्ये अडकलेले असतात. रिजेक्शनचा आकडा प्रवेशात ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. ‘हे बायकांचं काहीतरी आहे’ म्हणून मागे टेकून बसलेला प्रॉडक्शनवाला बावन्न पीस ऐकल्यावर सरळ बसतो.

भाषेचं म्हणाल तर पात्रं जशी कामावर बोलतात तशीच बोलू द्या. सूरज हिंदीतच बोलेल. प्रेक्षकांत हिंदी बोलणारे बरेच असतील तर सूत्रधारानं सूचना दोन्ही भाषांत द्याव्यात, आणि उठून येणाऱ्यानं आपल्या भाषेत बोललं तरी चालतं हे आधीच सांगावं. लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या मुलाच्या बोलीवर हशा पिकवायचा मोह नटांना होतो. तालमीतच मोडा.

नट कोण असावेत

बाहेरचे नट आणले तर ते सफाईनं करतात आणि रात्री घरी जातात, त्यांना कुणी टोमणे मारत नाही. कंपनीतलीच माणसं घेतली तर प्रवेश खरा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच लोकांत काम करायचं असतं. मला मिश्र संच बरा वाटतो. मुख्य पात्र आणि अडवणारा बाहेरचे, बघे कंपनीतले. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांमुळे जुन्या कारखान्यांतून नाटक केलेली माणसं अजून सापडतात. फक्त त्यांना सांगा, स्पर्धेचा आवाज कँटीनमध्ये लावू नका.

दोन पथ्यं. कुणालाही स्वतःचीच भूमिका देऊ नका: खऱ्या सुपरवायझरनं सुपरवायझर करायचा नाही, ज्या मुलीला त्रास झाला तिनं ती मुलगी करायची नाही. दुसरं, अपंग किंवा तृतीयपंथी पात्र असेल तर ते त्या अनुभवातल्या नटानंच करावं. तसा नट मिळत नसेल तर पात्र मंचावर न आणता त्याच्याविषयी चाललेलं बोलणं दाखवा. ‘रॅम्प बांधायचा कशाला, एकच तर माणूस आहे’ या संवादाला व्हीलचेअर दाखवावी लागत नाही.

अडवणारं पात्र करणाऱ्या नटाचं काम सगळ्यांत कठीण. प्रेक्षकांतून कोण येऊन काय बोलेल, ते त्याला माहीत नसतं. त्यानं सहज हार मानली तर खेळ खोटा, आणि हट्टानं अडून बसला तर उठून आलेला माणूस तोंडावर पडतो. तालमीत त्याला पंधरा-वीस वेगवेगळे हल्ले पचवायला लावा: ओरडणारी मनीषा, रडणारी मनीषा, आकडे घेऊन आलेली, विनोद करणारी, युनियनच्या माणसाला बरोबर आणणारी. कुठल्या वाक्यावर उत्तमकाका खरंच क्षणभर थबकतील, हे त्या नटानं स्वतःशी ठरवलेलं असलं पाहिजे.

जागा आणि वेळ

पंचवीस ते चाळीस माणसं, खुर्च्या अर्धवर्तुळात, मंच नको. उंच स्टेजवर चढून यायला कुणी धजत नाही. कँटीन चालतं, मात्र भांड्यांचा आवाज त्या वेळेपुरता बंद ठेवायला सांगा. माइक टाळा. कुणाला ऐकू कमी येत असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी नटांच्या शेजारी, उजेडात उभा करा आणि त्याला संहिता आदल्या दिवशी द्या. वेळ दोन तास. त्यातली निम्मी प्रेक्षकांच्या हस्तक्षेपांसाठी राखलेली असावी. भाषणं, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत हे सगळं कापा.

अंग मोकळं करणं

बसलेला माणूस एकदम उठून नाटक करत नाही. आधी वीस मिनिटं खेळ घ्या. स्पर्शाचे खेळ नकोत. साडी, सेफ्टी शूज, दुखरे गुडघे, गरोदर बाई, सगळ्यांना जमेल असंच निवडा.

बोआलांच्या खेळांपैकी एक इथे फार चालतो. जोड्या करायच्या. एकानं आपला तळवा दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा आणि हळूहळू हलवायचा. दुसऱ्यानं चेहरा आणि तळवा यांतलं अंतर न बदलता मागोमाग जायचं. दोन मिनिटांनी अदलाबदल. मॅनेजर आणि ट्रेनी यांची जोडी मुद्दाम लावा, पहिली पाळी ट्रेनीच्या हाताची. हसू येतं, पण ‘तो हात फार भरभर फिरवत होता, मागे कुणी आहे हे बघतच नव्हता’ असं कुणीतरी म्हणतंच. त्यावर प्रवचन देऊ नका, वाक्य हवेत राहू द्या.

नंतर पाच-पाच जणांनी न बोलता पुतळ्यांचं चित्र उभं करायचं: ‘शिफ्ट बदलताना आमची लाइन’. कोण मध्ये उभं राहतं, कोण कडेला, कुणाची पाठ कुणाकडे आहे, हे बाकीच्यांनी वाचायचं. इथेच तुम्हाला कळेल की आज कोण उठून येणार आणि कुणाला जपायला हवं.

सत्राचा गाभा

प्रवेश एकदा सलग दाखवा. संपल्यावर टाळ्या पडू देऊ नका, सूत्रधारानं लगेच पुढे यावं. दोनच प्रश्न विचारायचे: ‘असं होतं का आपल्याकडे?’ आणि ‘कुठे वेगळं होऊ शकलं असतं?’ शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या. एकदम सगळ्यांसमोर बोलणं जड जातं, शेजाऱ्याशी सोपं.

मग पात्रांपैकी एखाद्याला खुर्चीत बसवून प्रेक्षकांना प्रश्न विचारू द्या. उत्तमकाकांना बसवा. ‘बाईंना का नाही सांगितलं?’ यावर नट म्हणेल, ‘अहो, माझ्या पोरीएवढी आहे ती. मी कशाला वाईट चिंतू? पण तिला लाइन दिली तेव्हा मला एका शब्दानं कुणी विचारलं का?’ इथे खोलीतली हवा बदलते. जुन्या कामगारांना वाटतं, आपलंही कुणीतरी ऐकतंय, आणि पुढचा तास ते भांडण म्हणून बघत नाहीत.

आता प्रवेश पुन्हा सुरू. ‘थांबा’ कुणी म्हणत नसेल तर घाबरून जाऊ नका, सलग पूर्ण होऊ द्या. तिसऱ्यांदा सुरू केला की माणसांना राहवत नाही. कुणी बसल्या जागेवरून ‘तिनं सरळ सांगायला पाहिजे होतं’ म्हणालं की सूत्रधाराचं ठरलेलं वाक्य: ‘या, दाखवा.’ आग्रह एकदाच करायचा, हाताला धरून ओढायचं नाही. उठून आलेल्याला मनीषाची ओढणी किंवा बॅज द्या. एक खूण मिळाली की पुरुषालाही मनीषा होणं सोपं जातं. पुरुष मनीषा झाल्यावर पहिल्या वाक्याला हशा येतो. नट गंभीर राहिले तर तो दुसऱ्या वाक्याला विरतो.

पहिला हस्तक्षेप बहुतेक वेळा आवाज चढवण्याचा असतो. उत्तमकाका त्यावर गप्प होतात, ‘बरं बाई’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी काहीच सांगत नाहीत. प्रेक्षकांना विचारा, काय मिळालं, काय गेलं? दुसरा माणूस म्हणतो, मला ग्रुपमध्ये घ्या. गणेश घेतो. मग काका म्हणतात, ‘आता मोकळं बोलता येत नाही,’ आणि नवा ग्रुप निघतो. कुणी एचआरला मेल टाकायचं सुचवतं. तेही करून बघा: एका नटाला एचआर म्हणून उभं करा, ‘लेखी द्या, बघू’ म्हणू द्या. कुणी म्हणालं की प्रशांतसर एकदम सुधारतात, तर सूत्रधारानं खोलीलाच विचारावं, ‘असं होईल?’ उत्तर लोकच देतात.

मूळ पद्धतीत भर सोसणाऱ्या पात्राच्या जागी जाण्यावर आहे. कंपनीत मी बघ्यांच्या जागीही येऊ देतो, किंबहुना तिसऱ्या-चौथ्या हस्तक्षेपानंतर मुद्दाम तिकडे वळवतो. सगळा भार मनीषावरच टाकला तर सत्राचा अर्थ इतकाच उरतो, की तिनं अजून हुशारीनं वागायला हवं होतं. म्हणजे प्रशांतसरांचंच म्हणणं झालं. गणेशच्या जागी येऊन कुणी नुसतं ‘सर, चूक माझी, मी लाइनवर येऊन सांगायला हवं होतं’ म्हणालं तरी प्रवेश केवढा फिरतो ते बघा. सूरजच्या जागी परमनंट कामगाराला उभं करा आणि ‘तू थांब रे’ त्याला ऐकू द्या. त्रास देणाऱ्याच्या जागी मात्र कुणाला येऊ देऊ नका. त्याला सज्जन करून टाकणं ही पळवाट आहे.

काही प्रसंग हमखास येतात. साहेब उठून आले तर येऊ द्या, पण पहिल्या दोन हस्तक्षेपांत नको, आणि त्यांच्या तोडग्याला नटांनी जास्तच कस लावायचा. कुणी फक्त हसवायला आलं तर एकदा हसू द्या, मग विचारा, ‘पिनचं काय झालं?’ कुणी आपली खरी गोष्ट नावानिशी सांगू लागलं तर तिथेच, शांतपणे थांबवा. म्हणा, ‘हे महत्त्वाचं आहे, पण इथे नको, सत्र संपल्यावर मी आणि तुम्ही बोलू.’ आणि खरंच बोला. त्यासाठी अंतर्गत समितीतलं किंवा समुपदेशक असं एक माणूस त्या दिवशी बाहेर हजर हवं. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर सहकलाकारानं पाणी द्यावं, जवळ बसावं. सगळ्या खोलीनं त्या माणसाकडे बघत बसू नये, म्हणून खेळ पुढे चालू ठेवावा.

हस्तक्षेप सात-आठ झाले की थांबा. कुठला बरोबर हे सूत्रधारानं सांगायचं नाही. लोक विचारतात, ‘मग खरं उत्तर कुठलं?’ तेव्हा प्रश्न खोलीकडे परत टाका.

नंतरचे पंधरा दिवस

सत्राच्या शेवटी प्रत्येकाला कोरा कागद द्या, नाव लिहायचं नाही. ‘आपल्या लाइनवर उद्यापासून एक काय बदलता येईल?’ लिहायला अवघड वाटणाऱ्यांचं सूत्रधारानं किंवा बाहेरच्या नटानं लिहून घ्यावं, सुपरवायझरनं नव्हे. जे कागद जमतील त्यांतून ‘सगळ्यांनी एकोप्यानं राहावं’ छापाची वाक्यं बाजूला काढली की जे उरतं ते सोनं असतं: हँडओव्हर तोंडी नको, रजिस्टरवर दोघांची सही हवी, कामाचे मेसेज एकाच ग्रुपवर, ज्यात लाइनवरचे सगळे आहेत, टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या छोट्या बैठकीत, कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही शेवटी विचारा, बायकांच्या चेंजिंग रूमचं कुलूप दुरुस्त करा. हे शेवटचं नाटकात कुठेच नसतं, तरी निघतं.

ही यादी नावांशिवाय व्यवस्थापनाला द्या आणि ठरल्या दिवशी उत्तर नोटीस बोर्डावर लागलं का ते बघा. तीन रकाने पुरतात: केलं, अमुक तारखेपर्यंत करू, करता येत नाही आणि का. तिसरा रकाना रिकामा असेल तर लोक पहिल्या दोन रकान्यांवरही विश्वास ठेवत नाहीत.

‘कार्यक्रम आवडला का?’ अशा फॉर्मवर सगळे पाचपैकी पाच देतात, त्याचा उपयोग नाही. दीड-दोन महिन्यांनी रजिस्टर उघडून बघा, हँडओव्हरच्या नोंदी वाढल्या का. सूचनापेटीत, अंतर्गत समितीकडे, युनियनकडे येणाऱ्या गोष्टी वाढल्या तर साहेब घाबरतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, की सुरुवातीला वाढणं चांगलं लक्षण आहे, लोकांना आता सांगावंसं वाटतंय.

तीन महिन्यांनी दुसरा प्रवेश करा, पात्रं तीच. या वेळी हँडओव्हर नीट झालेला आहे आणि प्रसंग वेगळ्याच जागी अडतो: मनीषाला नाइट शिफ्टला टाकायचं की नाही, हे तिला न विचारता ठरतंय, आणि ठरवणाऱ्यांत या खेपेला तिची बाजू घेणारा गणेशही आहे. या प्रवेशाची तालीम मात्र पहिल्या सत्रात उठून आलेल्या कामगारांसमोर घ्या. कुठलं वाक्य खोटं वाटतंय, ते नटांच्या आधी त्यांना कळतं.